गिरणीतला पहिला नंबर

पुसेगाव, ता. सेनगाव
३ नोव्हेंबर २०२५

चि. साक्षी,
आत्याचा जयभीम.

दिवाळीत तू फोन केला अन मी नुस्ती "व्हय व्हय" करत बसले. खरं सांगू? एक अक्षर ऐकू आलं न्हाई. पंचवीस वर्सं गिरणीचा खडखडाट ऐकून तीन वर्सांमागं कान गेले. नांदेडच्या डॉक्टरनं कानाची मशीन दिली, पण गिरणीत ती लावली की डोक्यात पत्रे वाजतात. तवा फोन बंद. अन मेसेजमधी तू 'काळजी घे' टाकतेस, त्यानं माझं पोट भरत न्हाई. कागदावर लिही, मी बी लिहीन. सातवी शिकलेली बाई हाय मी.

मागल्या आठवड्यात वाईट झालं. शेजारच्या पुजाच्या ओढणीचं टोक पट्ट्यात गेलं. पोरगी वरडली, माझी पाठ तिच्याकडं, मला काय ठावं? भिकाबाईनं येऊन माझा दंड धरला तवा मी खटका पाडला. ओढणी फाटली, पोरगी वाचली.

दुसऱ्या दिशी माझा दीर भीमराज आला. "वैनी, चावी द्या. तुमच्याच भल्यासाठी सांगून राहिलो. न्हाईतर संक्रांतीपस्तोर वाट बघतो, तुमाला न्हाई जमलं तर चावी माझी, गिरणी बंद, तिथं मोबाईलचं दुकान टाकू."

अगं, तुझ्या नरसिंगमामानं, माझ्या मालकानं, ही गिरणी टाकली तवा आपल्या वस्तीतली मनून अर्धं गाव यायचं न्हाई. डोक्यावर डबे घेऊन सेनगावला जायचे, पण इथं न्हाई. मग पीठ चांगलं निघतं मनून एकेक यायला लागले. मामा गेले, मी एकटीनं चालवली. ती मी भीमराजच्या हातात देऊ? जीव गेला तरी न्हाई.

आता हस. बचत गटाच्या सपनानं शिबिरात पाहिलं, मोबाईलमधल्या एआयला मराठीत सांगितलं की ते ॲप बनवून देतं. मी ठरवलंय, बनवायचं. कुणाला तकलीफ झाली की तिनं बटण दाबावं अन माझ्या डोळ्यापुढं काहीतरी पेटावं. नंबर बी त्यातच लागावा, मंजी मला कुणी वरडून विचारायला नको. तू कंपूटरवाली. सांग, कुठून सुरू करू?

तुझी आत्या
पद्माबाई


पुणे
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय आत्या,
जयभीम.

पुजाचं वाचलं. तुला काही झालं नाही ना?

रागावू नकोस, पण भीमराजमामा बरोबर बोलतात. मी सहा वर्षं हेच काम करते. एक साधं ॲप नीट उभं करायला आमच्याकडे चार माणसं तीन महिने घासतात. एआयला सांगून बनवलेलं ॲप म्हणजे पाया नसलेलं घर. दिसायला छान, पहिल्या वाऱ्यात खाली. नेट गेलं तर काय करशील? पुन्हा कुणाची ओढणी अडकली आणि ॲप नुसतं गोल गोल फिरत बसलं तर? हा खेळ नाही गं, पट्टा आहे तो.

तू आयुष्यभर राबलीस. आता थोडं थांबलीस तर कुणी तुला नावं ठेवणार नाही. इकडे माझ्याकडे काम खूप आहे, म्हणून उत्तराला उशीर झाला.

तुझी
साक्षी


पुसेगाव
२५ नोव्हेंबर २०२५

चि. साक्षी,

तुझं पत्र वाचून दोन दिवस तोंड फुगवून बसले. पाया नसलेलं घर म्हणे! आपल्या आज्या-पणज्यांची घरं कुठं पाया खोदून बांधली व्हती? राहिलोच की.

पण नेटचं तू बराबर विचारलंस. तेवढं मी घेतलं. वायरमन बोलावून दुसरा खटका दाराजवळ लावला, बायांच्या हाताला येईल असा, अन पट्ट्याला जाळी ठोकली. आता ॲप झोपलं तरी भागतं.

अन ॲप झालं, बाई! पहिल्या दिशी मी म्हणलं, मला गिरणीचं ॲप पाहिजे. तर त्यानं पवनचक्कीचं चित्र काढून दिलं, भोवती लाल फुलं. मी म्हणलं, मेल्या, पुसेगावात कुठं पाहिलीस ही? माफी मागितली. मग सगळं हिंदीत लिहिलं. पुन्हा माफी. चूक लगेच कबूल करतंय अन तीच चूक पुन्हा करतंय, अगदी तुझे नरसिंगमामा.

मग नंबर. जो आधी आला तो आधी, असं त्यानं लावलं. पहिल्याच दिशी भिकाबाईची हरबऱ्याची डाळ पुढं अन पुजाच्या घरचे गहू मागं. मशीन म्हणालं मनून मी बी अक्कल गहाण ठेवली, तसंच दळलं. दगडात राहिलेलं बेसन गेलं गव्हात. पुजाच्या घरी पिवळ्या पोळ्या. सगळ्या गल्लीत बोंब झाली.

मग मी त्याला शिकवायला बसले. आधी ज्वारी-बाजरी, मग गहू, शेवटी डाळ. तर ते विचारतंय, ज्वारी आधी का? अगं, मला भरून आलं. इतक्या वर्सांत मला कुणी 'काहून' मनून विचारलं न्हाई. 'दळ' म्हणले, मी दळलं. ज्वारीचं पीठ सुटं, दगडाला धरत न्हाई, डाळीचं चिकटून बसतं, असं त्याला सगळं सांगितलं. टाकीचं बी सांगितलं. दगडाचे दात बोथट झाले की छिन्नीनं टाकी लावून घ्यावी लागते. त्यानंतरचं पहिलं दळण कचकचीत, भाकरीत दाताखाली खडे. ते पहिलं दळण सालोसाल भिकाबाईचं. फुकट दळून देते मनून बिचारी घेते. त्या दिशी तिच्या आधी कुणी फिरकत न्हाई. त्यासाठी त्यानं 'आज टाकी' असं वेगळं बटण दिलं.

अन एक बटण 'हाक'. कुणी दाबलं की भिंतीवर टांगलेला मोबाईल सगळा लालभडक होतो. आता बाया मला हाक मारतात अन मला ती दिसते. साक्षी, तीन वर्सांनी मला कुणाची हाक कळली गं.

ॲपचा पत्ता खाली लिहिलाय. उघडून बघ, अन मग बोल घराच्या पायाचं.

आत्या


पुणे
६ डिसेंबर २०२५

प्रिय आत्या,

उघडलं. हरले. कान पकडते.

बटणं वेडीवाकडी आहेत, रंग तर लग्नाच्या मांडवासारखे, पण चालतंय! धान्याप्रमाणे रांग लावलेली पाहून मी खुर्चीत हसत बसले. मंगळवारी दुपारी गिरणीत कुणी नसताना मोबाईल लाल झाला असेल तर घाबरू नकोस, 'हाक' मी दाबली होती. इथून, घरून. दोनदा दाबली. का कोण जाणे, बरं वाटलं.

आता मला त्याचा पासवर्ड पाठव, सपनाताईंच्या मोबाईलवरून मेसेज कर. आतून दोन-चार गोष्टी पक्क्या करून देते. मी टिंगल केली त्याची ही भरपाई समज. आणि भीमराजमामांना सांग की पुण्याच्या इंजिनिअरने पास केलंय.

तुझी
साक्षी


पुसेगाव
१७ डिसेंबर २०२५

चि. साक्षी,

पासवर्ड पोचला असंल. इथं मातुर नवंच झेंगट उभं राहिलं.

पलीकडच्या आळीतले उद्धवराव तुला आठवतात? कचेरीतून रिटायर झालेले, झब्ब्याला कडक इस्त्री. टाकीचा दिवस सोडून त्यांच्या घरचा डबा मोटार चालू व्हायच्या आत माझ्या ओट्यावर असतो. काहून, ते साऱ्या गावाला ठावं हाय, कुणी बोलत न्हाई. दगडावर आपल्या लोकांचं पीठ पडायच्या आत त्यांचं निघून जावं. दुसऱ्या कुणी पहिला डबा ठेवला तर त्यांचा गडी तो उचलून मागं ठेवायचा. असंच चालत आलं.

आता ॲपला घर कळत न्हाई, धान्य कळतं. त्यांचे गहू होते. आधी भिकाबाईची ज्वारी, मग सपनाची बाजरी, मग ज्यांनी आधी नंबर लावला त्या पुजाचे अन आणखी तीन घरांचे गहू, मग त्यांचे. ॲपनं सातवा नंबर दिला.

तर स्वतः आले. गोड बोलले, ओठ बघून मला सगळं कळतं. "पद्माबाई, तुमचं कौतुक आहे. या वयात ॲप! फक्त आमचा पहिला नंबर तेवढा कायम ठेवा. पद्धत आहे म्हणून. नाहीतर मुलगा स्टँडवर नवी चक्की टाकायचं म्हणतोय, आमची सगळी आळी तिकडं जाईल." भीमराज बाजूलाच उभा. त्यो म्हणाला, "वैनी, एका नंबरानं काय झिजतं? द्या. गिऱ्हाईक तुटलं तर संक्रांतीला चावी माझी."

मी म्हणलं, विचार करते. घरी येऊन रडले, रागानं. पण देणार न्हाई. तुला नुस्तं सांगून ठेवलं.

आत्या


पुणे
२४ डिसेंबर २०२५

प्रिय आत्या,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी बसले आणि तुझा प्रश्न सोडवून टाकला. ॲपमध्ये एक नवं बटण दिलंय, 'कायम पहिला'. ते एकदा दाबलं की त्या घराचा नंबर रोज आपोआप सगळ्यात वर लागतो. तुला तोंडाने काही बोलायला नको, कुणाला काही सांगायला नको. दहा मिनिटांचं काम होतं.

मला माहीत आहे तुला राग येईल. पण आत्या, गिरणी टिकणं महत्त्वाचं की नंबर? तू गिरणी वाचवायला हे सगळं केलंस ना? मग एवढंसं वाकलं तर काय बिघडतं? मोठमोठ्या कंपन्या गिऱ्हाइकासाठी याहून जास्त वाकतात. इथे आमच्याकडे रोज हेच चालतं. समोरचा काय मागतो ते द्यायचं, मान खाली घालायची आणि आपली जागा राखायची. तत्त्वावर अडून बसलेल्यांना कुणी विचारत नाही. हे मी पाहिलंय, खूप जवळून.

शिवाय ते एक घर पहिलं आलं म्हणून बाकीच्यांचं काय जातं? भिकाबाई सातव्या नंबरावरही तीच भाकरी खाणार. जास्त विचार करू नकोस. संक्रांत तोंडावर आली. बटण तयार आहे, फक्त त्यांना दाखव.

आणखी खूप लिहायचंय, पण पानं संपली. चार झाली बघ.

तुझी
साक्षी


पुसेगाव
३१ डिसेंबर २०२५

साक्षी,

काहून केलंस हे?

भीमराजनं म्हणलं असतं तर मी त्याला झाडूनं हाणलं असतं. तू? तुझा आजा ज्या विहिरीवर वंजळ पसरून उभा राहायचा, वरून कुणी पाणी वतंल मनून, ती विहीर अजून हाय गावात. त्याची नात दहा मिनिटात बटण करून देते! अन वर मला विचारते, काय बिघडतं?

बटण मी काढलं न्हाई. सध्या झाकून ठेवलंय, ते कसं झाकायचं ते मी एआयला विचारून शिकले, तुला न्हाई. ठरवीन त्याचं काय करायचं.

आता दुसरं. मागं तुला दोन ओळी लिहायला सवड नसायची. आता चार चार पानं येऊन राहिली. मंगळवारी भर दुपारी घरी बसून माझ्या गिरणीचं बटण दाबतेस. नोकरीवाल्या बाईला एवढी सवड कुठली? मी बहिरी हाय, आंधळी न्हाई. खरं सांग.

आत्या


पुणे
७ जानेवारी २०२६

आत्या,

वंजळीचं वाचून पत्र तिथेच ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुढचं वाचलं.

खरं सांगते. ऑक्टोबरपासून मला काम दिलेलं नाही. आम्ही सहाजणी जे करायचो ते आता एआय करतं आणि एकजण त्यावर नजर ठेवतो. मला काढलं नाही. दर आठवड्याला साहेब व्हिडिओवर येऊन इंग्रजीत गोड बोलतात, "साक्षी, तुमच्याच भल्यासाठी सांगतो, स्वतःहून राजीनामा लिहून द्या. रेकॉर्ड स्वच्छ राहील." चौघींनी दिला. मी घरी बसून 'विचार करते' म्हणतेय. बाबांना सांगितलेलं नाही.

तू एआयने ॲप बनवते म्हणालीस तेव्हा मला तुझ्या काळजीपेक्षा स्वतःचा राग जास्त आला होता. ज्याने माझं काम खाल्लं ते माझ्या आत्याला हसत हसत गिरणी चालवायला मदत करतंय! म्हणून ते पाया नसलेलं घर वगैरे लिहिलं. खोटं नव्हतं ते, पण मनात विष होतं.

आणि ते बटण मी इतक्या सहज केलं कारण मान खाली घालायची मला आता सवय झालीय. जे साहेबांपुढे करायचं होतं ते मी तुझ्याकडून करून घेत होते. चुकलं गं.

बटण तूच काढ. माझा हात लागायला नको.

साक्षी


पुसेगाव
२२ जानेवारी २०२६

माझ्या लेकरा,

रडलीस ना? रड. मग डोळे पूस अन हे वाच.

बटण मी काढलं न्हाई. ठेवलं. सगळ्यात वर, तांबडं. फक्त त्याच्याखाली एआयकडून एक ओळ लिहून घेतली. "रोजचा पहिला तोच टाकीचा पहिला." अन नियम बी तसाच बसवला. बटण दाबणाराचं दळण रोज पहिलं, अन टाकीच्या दिशी बी पहिलं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिशी मी मुद्दाम टाकी लावून घेतली. सकाळी ओटा भरलेला. भीमराज चावी न्यायला आला. उद्धवराव डबा घेऊन आले, मागं गडी. मी भिंतीवरचा मोबाईल त्यांच्यापुढं धरला. म्हणलं, "काका, तुमचं काम झालं. कायम पहिला. दाबा."

खूश झाले. बोट पुढं केलं, अन खालची ओळ वाचली. मग ओट्यावर टाकी लावलेल्या दगडाचा चुरा दिसला. बोट तिथंच थांबलं. म्हणाले, "आज टाकी आहे होय? मग उद्यापासून धरा."

भिकाबाईनं तोंडातलं पान गालात सारलं अन म्हणाली, "उद्यापासून कसं? कायम मंजी कायम. दाबा की, काका."

मला ते ऐकू आलं न्हाई, पुजानं मागून कानाशी वरडून सांगितलं. पण सगळ्या बाया पदर तोंडाला लावून हसताना मी पाहिल्या. मग मी तोंड उघडलं. म्हणलं, "इतकी वर्सं स्वच्छ पीठ तुमी खाल्लं अन टाकीचे खडे भिकाबाईनं. पहिला नंबर पाहिजे तर दोनी घ्या. न्हाईतर दोनी सोडा."

डबा उचलून गेले. त्यांच्या मागं चार घरं गेली, स्टँडवरची चक्की व्हईपस्तोर सेनगावला दळतात म्हणे. जाऊ द्या. डोक्यावर डबा किती जड असतो ते त्यांना बी कळू द्या.

टाकीचं पहिलं दळण मी माझं टाकलं. भिकाबाईला म्हणलं, आजपासून तुझं न्हाई. संध्याकाळी भाकरी खाल्ली, कचकच लागली, पण गोड लागली बघ. अन भीमराज? दारात उभा राहिला, उभा राहिला, मग खिशातून मोबाईल काढून गव्हाचा नंबर लावला. सहावा आला. रांगेत बसला. चावीचं नाव काढलं न्हाई.

परवा उद्धवरावांची बायको सरलाबाई एकटीच डबा घेऊन आली. भिकाबाईच्या मागं नंबर आला. बसली. दोघी गुडघेदुखीचं बोलत व्हत्या. मी काही विचारलं न्हाई.

ते बटण अजून तिथंच हाय. कुणी दाबत न्हाई.

आता तुझं. तुझा साहेब अन माझा दीर एकाच शाळेत शिकले वाटतं, दोघं बी 'तुमच्याच भल्यासाठी' म्हणतात. ज्याला तुला काढायचं त्यानं त्याच्या हातानं लिहावं की मी काढलं. तू तुझ्या हातानं लिहायचं न्हाई. मग नोकरी गेली तर गेली. अन तुझ्या बापाला आज सांग, तो काही खात न्हाई तुला.

अन त्या एआयचा राग धरू नको. ते गडी हाय. सांगशील ते करतं. तुला बटण करून दिलं, मला ओळ लिहून दिली. तवा आपण काय सांगायचं ते आपल्या हातात हाय.

आत्या


पुणे
२ फेब्रुवारी २०२६

आत्या,
जयभीम.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "पद्मीला ठावं होतं अन मला न्हाई?" तेवढाच राग.

आज साहेब पुन्हा व्हिडिओवर आले. तेच गोड हसू. "तर मग साक्षी, स्वतःहून लिहून देताय ना?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "दाबा की, काका."

ते बंगळुरूचे, मराठी येत नाही, त्यांना काही कळलं नाही. "सॉरी?" म्हणाले. मग त्यांना कळेल असं सांगितलं. मी राजीनामा देणार नाही. काढायचं असेल तर तुम्ही काढा, कारण लिहा, खाली तुमची सही करा. त्यांचं हसू गेलं. म्हणाले, विचार करून सांगतो. आता विचार त्यांना करू दे.

पुढच्या रविवारी येतेय. ज्वारी आणीन. माझा नंबर आधी लावून ठेवू नकोस, आल्यावर मीच लावीन.

तुझी
साक्षी